जुन्या वाटेवरचं नवं सिमेंट



स्मरणिका म्हटली की तिच्यात काय काय असते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. अध्यक्षांचे मनोगत, भन्तेजींचा आशीर्वाद, देणगीदारांची यादी, मुलींच्या कविता, आणि मधे मधे सायकल दुकानाच्या व पिठाच्या गिरणीच्या जाहिराती. ते सगळं हवंच. पण ज्या जमिनीवरून चालत आपण विहारात येतो तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. संपादक मंडळाने मला इतिहासावर लेख मागितला तेव्हा मी ठरवले की राजा-महाराजांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत, आपण वाटेचा आणि तिच्या दुरुस्तीचा इतिहास लिहावा. मी प्राध्यापक नाही. गिरणीच्या रंगाई खात्यात काम करणारा माणूस आहे. जे वाचले ते वाचनालयात बसून वाचले, आणि जे पाहिले ते सहलीच्या बसमधून उतरून पाहिले.

मुंबईत बोरिवलीजवळ कान्हेरीची लेणी आहेत. एकाच डोंगरात शंभरावर लेणी. तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दानाचे लेख कोरलेले आहेत. कोणी लेणं दिलं, कोणी बसायला दगडी ओटा दिला, कोणी पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, भिक्षुणी आहेत. आणि त्यांतच एक लेख असा आहे की कल्याणच्या एका लोहाराने वाट दिली. लेणं नाही, मूर्ती नाही, चालायची वाट! आणि तिला शब्द तोच वापरला आहे जो लेण्याला वापरतात : देयधम्म. म्हणजे त्या काळच्या संघाच्या हिशेबात लोहाराची वाट आणि सावकाराचं लेणं एकाच वहीत लिहिलं जात होतं. आपल्यासारख्या हाताने काम करणाऱ्या लोकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

भिक्खूंसाठी वाट ही नुसती येण्याजाण्याची सोय नव्हती. चंक्रमण म्हणजे सावकाश येरझारा घालत ध्यान करणे, हा त्यांच्या रोजच्या साधनेचा भाग. लेण्यांच्या दानलेखांत चंक्रमणाच्या जागेचाही उल्लेख येतो. बुद्धगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तर बाजूला चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. तेव्हा वाट झिजते ती वापराने झिजते, आणि तिची झीज हीसुद्धा एक नोंदच असते. कान्हेरीच्या पायऱ्या मधोमध खोलगट झालेल्या आहेत. त्या कोणी कोरून खोलगट केल्या नाहीत. पावसाने आणि पायांनी केल्या आहेत.

आता दुरुस्तीकडे येऊ. जुन्या काळी दुरुस्ती कशी करीत? नेपाळच्या तराईत निगलीसागर येथे सम्राट अशोकाचा एक स्तंभलेख आहे. त्यात म्हटले आहे की राज्याभिषेकाला चौदा वर्षे झाल्यावर राजाने कनकमुनी बुद्धाचा स्तूप वाढवून दुप्पट केला. सांचीचा मोठा स्तूप अशोकाच्या काळी विटांचा होता. पुढे शंभरेक वर्षांनी त्याच्यावर दगडाचं आवरण चढलं आणि तो जवळजवळ दुप्पट झाला. म्हणजे त्या लोकांना जुनं हे जुनं दिसावं अशी काही हौस नव्हती. पण ते जुनं उखडूनही टाकत नव्हते. जुन्याला पोटात ठेवायचे आणि वरून नवं घालायचे. सांचीच्या स्तूपाच्या पोटात अशोकाच्या विटा आहेत, आपल्याला दिसत नाहीत एवढंच.

मग धम्माला उतरती कळा लागली. दुरुस्ती करणारेच उरले नाहीत. हजार वर्षं पाणी, झाडांची मुळं आणि वटवाघळं यांचं राज्य. त्यानंतर आले ते खजिना शोधणारे. १७९४ साली सारनाथचा धर्मराजिक स्तूप बनारसच्या बाजाराच्या बांधकामाला विटा हव्यात म्हणून मोडला गेला. १८२२ साली भोपाळच्या दरबारातला एक इंग्रज अधिकारी, कॅप्टन जॉन्सन, याने सांचीचा मोठा स्तूप वरपासून खालपर्यंत एका बाजूने फोडला. आत काही सापडले नाही. पडलेलं खिंडार तसंच उघडं राहिलं, पावसाचं पाणी आत शिरलं, आणि पश्चिमेचं तोरण व कठड्याचा काही भाग कोसळला.

हे खिंडार १८८१ ते १८८३ या काळात मेजर कोल या अधिकाऱ्याने बुजवले आणि पडलेली तोरणे पुन्हा उभी केली. काम मोठं होतं, त्याचे उपकार मानलेच पाहिजेत. पण दक्षिण तोरणाच्या आडव्या तुळया बसवताना काही उलट्या बसल्या, पुढचं मागे आणि मागचं पुढे. आजही त्या तशाच आहेत. जवळपास त्याच सुमारास, १८८० पासून ८४ पर्यंत, बुद्धगयेचे महाबोधी मंदिर बेगलर आणि कनिंगहॅम यांच्या देखरेखीखाली जवळजवळ नवे करण्यात आले. ढिगाऱ्यात मंदिराची दगडाची एक लहानशी प्रतिकृती सापडली होती, तिचा आधार घेऊन पडलेले भाग रचले. आज आपण बुद्धगयेला जाऊन ज्याला वंदन करतो त्या बाह्य रूपात कोणता भाग त्या जुन्या कारागिरांचा आणि कोणता १८८० नंतरचा, हे साध्या माणसाला सांगता येत नाही. पडकं मंदिर उभं राहिलं हे चांगलं झालं. पण कोणती वीट कोणाची, ही ओळख हरवली ती हरवलीच.

ह्याच्या उलट विचार त्याच काळात विलायतेत सुरू झाला होता, आणि तो सुरू करणारा माणूस आपल्या खात्यातला निघाला! विल्यम मॉरिस त्याचे नाव. कापडावर छपाई करणारा, रंगाईत स्वतःचे हात निळीने निळे करून घेणारा कारागीर, आणि पुढे मजुरांचा समाजवादी पुढारी. त्याने १८७७ साली लंडनला जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्था काढली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : जुनी इमारत खरवडून नव्यासारखी करू नका, आणि नव्या कामाला जुन्याचं सोंग देऊ नका. गळती थांबवा, टेकू द्या, रोजची निगा राखा, बस्स. त्याच १८७७ सालच्या १ जानेवारीला आपल्या नागपुरात जुम्मा तलावाच्या काठी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. इकडे यंत्राचं कापड सुरू होत होतं आणि तिकडे एक कापडवाला हाताच्या कामाची बाजू घेऊन उभा राहत होता, असा हा योगायोग. एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. मॉरिसची संस्था अजून चालू आहे. असो.

सर जॉन मार्शल हे भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. १९१२ ते १९१९ त्यांनी सांचीला काम केले. मोठ्या स्तूपाचा नैर्ऋत्येकडचा चतकोर भाग बाहेर सरकत होता आणि त्याने तोरणाला धोका होता. तो त्यांनी पायापासून उतरवून पुन्हा रचला. पुढे १९२३ साली त्यांनी खात्यासाठी जतनाच्या कामाचं एक नियमपुस्तक काढलं. त्याचा रोख हाच की जपणं हे पहिलं काम, नवं करणं नव्हे. मॉरिसच्याच विचाराचं ते सरकारी रूप म्हणता येईल.

एवढ्यात सिमेंट आलं. त्याच्या नावाची गोष्ट गमतीची आहे. १८२४ साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने त्याची सनद घेतली आणि त्याला 'पोर्टलँड सिमेंट' म्हटलं, का तर ते घट्ट झाल्यावर इंग्लंडच्या पोर्टलँड गावच्या नामांकित दगडासारखं दिसतं म्हणून. म्हणजे जन्मापासूनच हा माल दगडाची नक्कल करत आला आहे. आपल्या देशात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ पासून सिमेंट निघू लागलं. त्याच १९१४ साली निजामाच्या हैदराबाद राज्याने आपलं पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम याझदानी यांना त्याचं प्रमुख केलं. अजिंठा आणि वेरूळ तेव्हा निजामाच्या हद्दीत होते.

अजिंठ्याची स्थिती काय होती? १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली तेव्हापासून पुढच्या शंभर वर्षांत नुसती चित्रं उतरवून घेणं, नावं कोरणं, तुकडे पळवणं एवढंच चाललं होतं. ओसऱ्यांचे खांब तुटलेले, कुठे वरचं छत लटकत होतं. ही दुरुस्ती निजामाच्या काळात आणि पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या काळात झाली. अजिंठ्याला गेलात तर खांब नीट पाहा. अनेक खांब नव्याने उभारलेले आहेत, आणि लांबून ते कातळातलेच वाटतात. जवळ जाऊन हात लावला की कळतं. अस्सल कातळात छिन्नीचे घाव असतात, आपल्या काळ्या दगडात असतात तसे बारीक छिद्रांचे आणि पांढऱ्या स्फटिकांचे ठिपके असतात. नव्या खांबाचं अंग सपाट, एकसारखं असतं.

आणि वाट! अजिंठ्याला आज आपण पहिल्या लेण्यापासून शेवटपर्यंत ज्या वाटेने चालतो ती मुळात नव्हतीच. घोड्याच्या नालेसारखा तो डोंगर आहे, खाली वाघोरा नदी. त्या काळी प्रत्येक लेण्यापासून खाली नदीपर्यंत उतरणारा आपापला जिना होता. भिक्खू पाणी भरायला खाली आणि वंदनेला वर. लेण्यांना जोडणारी आडवी वाट ही आपल्या काळातली, प्रवाशांच्या सोयीसाठी केलेली. पण ती अशी मिसळून गेली आहे की शाळेच्या सहलीतल्या मुलांना वाटतं, भिक्खूही ह्याच वाटेने जात असतील. मी एकदा मास्तरांना असं सांगतानाही ऐकलं! म्हणजे बेमालूम दुरुस्तीने किती मोठी गोष्ट झाकली जाते ते बघा. जुन्या जिन्यांचे अवशेष काही ठिकाणी दिसतात, पण नव्या वाटेवरून चालणाऱ्याचं लक्ष तिकडे जात नाही.

ही झाकायची पद्धत त्या काळी जगभरच होती. १९३१ साली ग्रीसमध्ये अथेन्सला जुन्या वास्तूंच्या जाणकारांची परिषद भरली. त्यांनी सळई घातलेल्या काँक्रीटसारख्या नव्या साधनांना मान्यता दिली आणि सांगितलं की शक्य तिथे हे काम आत दडवावं, म्हणजे जुन्या वास्तूचं रूप बिघडणार नाही. त्याच अथेन्सच्या टेकडीवर बालानोस नावाच्या इंजिनिअरने संगमरवराचे तुटके दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले होते. लोखंड गंजलं, फुगलं, आणि आतून दगडच फोडू लागलं. १९७५ नंतर ते सगळं लोखंड काढून टायटॅनियम घालण्याचं काम सुरू झालं, आणि नवा भाग त्याच डोंगराच्या पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा, सरळ दिसेल असा बसवला जातो.

अजिंठ्याच्या चित्रांचंही असंच झालं. १९२० ते २२ मध्ये इटलीचे दोन तज्ज्ञ, चेक्कोनी आणि ओर्सिनी, आणले गेले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले, चित्रं वाचली. पण वरून चपड्याचा, म्हणजे लाखेचा, जो हात दिला तो पुढे पिवळा पडला आणि नंतरच्या लोकांना तो थर काढत बसावं लागलं.

मग १९६४ साली इटलीत व्हेनिसला दुसरी परिषद झाली. तिथं ठरलं की गेलेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकूण रूपात शोभला पाहिजे, पण अस्सलापासून वेगळा ओळखूही आला पाहिजे, नाहीतर इतिहासाचा पुरावा खोटा ठरतो. शोभलाही पाहिजे आणि ओळखूही आला पाहिजे! वाचायला सोपं, करायला अवघड. तुटकी मूर्ती-भांडी जोडणाऱ्या लोकांत ह्याचं एक माप सांगतात : सहा फुटांवरून दिसू नये, सहा इंचांवरून दिसावं. मला हे माप फार आवडलं.

हे सगळं आपल्या विहारात कशाला, असं काही वाचक म्हणतील. तर फाटकापासून पायऱ्यांपर्यंतची आपली वाट आठवा. पन्नास वर्षांपूर्वी श्रमदानाने टाकलेली. तेव्हा ठेकेदार नव्हता. गिरणीची पाळी सुटली की लोक यायचे, बाया विड्या वळायचं काम आटपून घमेली वाहायच्या, कन्हानची रेती आणि काळी गिट्टी हाताने कालवली. आता तिचं वरचं सिमेंट झिजून गिट्टी उघडी पडली आहे, पावसाळ्यात शेवाळं धरतं, आणि पन्नास वर्षांत तिला एक करडा-काळपट रंग आला आहे. मध्यंतरी पाण्याची नळी टाकायला ती दोन ठिकाणी फोडली आणि घाईघाईने जो माल भरला तो डोळ्याला टोचतो. गोऱ्या अंगावर डाग दिसावा तसं उलटं, काळ्या वाटेवर पांढरट डाग. एक डाग तर आपल्या काळ्या मातीने केव्हाच उचलून तडकवला. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर नुसतं वरून थापलेलं टिकत नाही.

तर बैठकीत एक सूचना अशी आली, "अजी, त्यापरीस सारं उखडून गट्टू टाका न. चकाचक दिसते." आणि मागून एका म्हाताऱ्या आईचा आवाज आला, "आमच्या हातची वाट हाये ते." बैठक तिथेच थबकली. मी म्हणतो की दोघांचंही ऐकून काम होऊ शकतं. वाट उखडायची नाही, पण डागही तसेच ठेवायचे नाहीत. नवं काँक्रीट जुन्या वाटेत कसं मिसळवायचं ह्याचं एक शास्त्र आहे. आणि त्यातला अर्धा भाग मला रंगाई खात्यात आधीच शिकायला मिळालेला होता.

कापडात रोजचा प्रश्न असतो शेडचा. एकाच रंगाचे दोन लॉट कधी तंतोतंत जुळत नाहीत. ताक्याला भोक पडलं आणि रफू करायचा असला तर त्याच लॉटचा धागा लागतो, दुसरा धागा लगेच ओळखू येतो. शेड ओल्या कापडावर बघायची नाही, ओलं नेहमी गडद दिसतं. ट्यूबलाइटखाली बघायची नाही, उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात बघायची. काँक्रीटला हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. मिस्त्री ओला माल दाखवून म्हणतो "बघा जी, जुळला", आणि महिन्याने तो पांढराफटक पडतो.

मुळात नवं काँक्रीट वेगळं का दिसतं ते समजून घ्या. नव्या कामात आपल्याला दिसते ती सिमेंटची साय. रेती-गिट्टी तिच्या खाली असते. जुन्या वाटेवर ही साय पावसाने आणि पायांनी केव्हाच गेलेली असते, दिसते ती रेती आणि गिट्टी. तेव्हा जुन्यासारखं दिसायचं असेल तर आधी रेती-गिट्टी तीच पाहिजे. आपल्या वाटेत कन्हानची पिवळसर जाड रेती आहे, म्हणून दुरुस्तीला कारखान्यातली दळलेली काळी रेती चालणार नाही, कितीही स्वस्त असली तरी. आणि रंग घालण्याआधी साय काढण्याचा विचार करायचा. माल भरून सारखा केला की थांबायचं. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा पडेनासा झाला, की पाण्याची बारीक धार सोडून नरम ब्रशने वरची साय धुवायची, गिट्टीचं तोंड उघडं पडेपर्यंत. नागपूरच्या उन्हाळ्यात ही वेळ दोन-तीन तासांत येते, थंडीत जास्त लागतो, घड्याळापेक्षा अंगठ्यावर भरवसा ठेवावा. काही जुने मिस्त्री वरून साखरेचं किंवा गुळाचं पाणी शिंपडतात. साखरेने सिमेंट उशिरा घट्ट होतं, म्हणजे खालचं काम पकडतं आणि वरची साय दुसऱ्या दिवशी धुता येते. मुंग्या येतात, त्याला इलाज नाही. पण संडास धुवायचं ॲसिड टाकून साय काढू नये. डोळ्यांना, हातांना घातक, आणि आत सळई असेल तर तिलाही.

पाण्याचंही तसंच. पाणी जास्त घातलं की काँक्रीट फिकट आणि कच्चं होतं, कमी घातलं की गडद. लोखंडी थापीने घोटघोटून चकचकीत केलेली जागा काळी पडते. म्हणून दोन्ही डागांचा माल एकाच मापाने, एकाच पोत्यातल्या सिमेंटचा करावा आणि लाकडी गुरमाळ्याने फिरवून सोडून द्यावा, घोटत बसू नये. एवढं करूनही फिका वाटला तर लोखंडाच्या ऑक्साइडचा काळा रंग कोरड्या सिमेंटमध्ये मिसळावा, चिमटीने नाही, वजनाने. सिमेंटच्या शेकडा पाचच्या पुढे जायची गरज सहसा पडत नाही, आणि दहाच्या पुढे तर जाऊच नये, माल कमजोर होतो. काजळी घालू नये, ती ऊन-पावसात निघून जाते. कोणी हिराकस सुचवेल. रंगाईत आम्ही तो वापरतो, सिमेंटवर त्याचा गंजासारखा तांबूस डाग पडतो. तांबड्या दगडाजवळ तो शोभेल, आपल्या करड्या वाटेवर नको, आणि एकदा पडला की निघत नाही.

आणखी एक. डोळा रंगापेक्षा कडेला आधी पकडतो. फुटलेल्या जागेची वेडीवाकडी कड तशीच ठेवून माल भरला तर रंग जुळूनही तो डागच दिसतो, आणि पातळ कड लवकर उडते. आपल्या वाटेला दर काही फुटांवर आडवी रेघ आहे. जागा त्या रेघेपर्यंत सरळ कापून घ्यावी, कड उभी ठेवावी, खालची माती नीट ठोकावी, जुन्या काँक्रीटचं तोंड छिन्नीने खरबरीत करून, पाण्याने भिजवून, सिमेंटचं पाणी लावून मग माल भरावा. मग ते ठिगळ दिसत नाही, वाटेचाच एक घर दिसतो.

पण हे सगळं करण्याआधी वेगवेगळ्या मापाचे लहान नमुने टाकून बघायचे. वाळायला एक महिना द्यायचा, आणि सकाळच्या उजेडात, कोरडे असताना वाटेजवळ ठेवून बघायचे. तिथेही हुबेहूब जुळणारा नमुना निवडू नये असं माझं मत आहे. किंचित उजळ असेल तो घ्यावा. दोन-चार पावसाळ्यांत तो आपोआप उतरतो. आज हुबेहूब जुळवलेला उद्या जास्त काळा पडू शकतो.

शेण-ताक लावून लवकर शेवाळं धरवतात म्हणे. वाट आहे, कुंडी नाही. म्हातारी माणसं घसरतील.

आता मुख्य गोष्ट. मिसळवायचं म्हणता, तर मग अजिंठ्याच्या वाटेसारखं खोटं होणार नाही का? हा प्रश्न मला एका कॉलेजच्या मुलाने विचारला, आणि तो बरोबर आहे. आपल्या समाजाला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त लागू आहे. आपला इतिहास पोथ्यांत कमी आणि दगडांत जास्त राहिला. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातल्या लेण्यांना लोकांनी पांडवलेणी म्हटलं, पण भिंतीवरचे दानलेख शाबूत होते म्हणून ती भिक्खुसंघाची हे सिद्ध करता आलं. आपल्या विदर्भात पवनीला १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीखालून स्तूप निघाला तो थर न् थर मोजत खणला म्हणून त्याचा काळ सांगता आला. ज्यांचा पुरावाच दगड-विटा आहे त्यांनी दगड-विटांत खोटं मिसळू नये, आणि खरं आहे ते उखडूनही टाकू नये. गट्टू टाकले तर ज्या बायांनी घमेली वाहिली त्यांचा एकमेव लेख पुसला जाईल, कारण त्यांची नावं देणगीदारांच्या फळ्यावर नाहीत. आणि नवं काम अगदी बेमालूम केलं तर वीस वर्षांनी कोणी म्हणेल, हे सगळं पहिल्यापासूनच असंच होतं.

म्हणून माझी सूचना अशी आहे की दोन्ही नव्या घरांच्या कोपऱ्यात, ओलं असतानाच, खिळ्याने साल लिहावं. लहान, बोटभर. सहा फुटांवरून दिसणार नाही, वाकून बघणाऱ्याला दिसेल. नाव कोणाचं लिहू नये, नाहीतर पुन्हा बैठक बोलवावी लागेल! विहाराच्या वहीत मात्र सगळं लिहून ठेवावं : रेती कुठली, सिमेंट किती, रंग किती टक्के, कोणत्या दिवशी टाकलं, तराई किती दिवस केली, आणि हाताखाली कोण कोण होतं त्यांची नावं, बायांची आधी. पुढच्या पिढीला पुन्हा दुरुस्ती करायची झाली तर त्यांना वहीत शेड मिळेल.

काम होळीच्या आधी उरकावं. एप्रिल-मे मध्ये पंचेचाळीस अंशांत टाकलेलं काँक्रीट वरून तडकतं आणि डागाडागांचं होतं. आधीच उशीर झाला असेल तर संध्याकाळी टाकावं. टाकल्यावर ओली पोती अंथरावीत आणि निदान दहा दिवस ती सुकू देऊ नयेत. पोती धुतलेली असावीत, गुळाच्या किंवा रंगाच्या पोत्याचा डाग सिमेंटवर उतरतो. सकाळच्या तराईची पाळी युवक मंडळाने घ्यावी, संध्याकाळची महिला मंडळाने. तेवढे दिवस वंदनेला मागच्या दाराने यावं, आणि पोरांना त्या पोत्यांवरून सायकल नेऊ देऊ नये.